माडाचे कूळ कोण ठरवणार?

(नारळ-सुपारी बागायतदारांच्या जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कूळ हा शब्द काढला की कोकणातल्या माणसाचे कान उभे राहतात. कूळ म्हणजे कूळकायदा, कूळ म्हणजे सात-बारावरची नोंद, कूळ म्हणजे पिढ्यान् पिढ्यांची कोर्टकचेरी. आज आम्ही ज्या कुळाबद्दल बोलणार आहोत ते तसले नाही. आपल्या वाडीत उभ्या असलेल्या माडाचे कूळ कोणते, त्याचे भाऊबंद कोण, आणि ते ठरवण्याचा अधिकार कोणाचा, एवढाच आजचा विषय आहे. तुम्ही म्हणाल, नारळाला भाव नाही, माकडे शहाळी फोडतात, पाडेली मिळत नाही, आणि हे काय झाडांची वंशावळ सांगत बसले? थोडे ऐकून घ्या. शेवटी हा विषय तुमच्या कुऱ्हाडीपर्यंत आणि तुमच्या खिशापर्यंत येतो की नाही ते तुम्हीच ठरवा.

तीन पाती

येताना वाटेत आम्ही तीन झाडांची पाती तोडून आणली. एक माडाच्या झावळीची, एक शिंदीची आणि एक भेरल्या माडाची. ही हातोहात मागे जाऊ द्या. नुसती बघू नका. पाती मुळाशी जिथे दांड्याला चिकटते तिथे बोट फिरवून बघा.

माडाच्या पातीचा हीर वर आहे आणि दोन्ही बाजू खाली उतरतात. कौलारू घराचे आढे असते तशी. पावसाचा थेंब पडला तर दोन्हीकडे ओघळून जाईल. आता शिंदीची पाती घ्या. हिची घडी उलटी आहे. शीर खाली आणि दोन्ही कडा वर, छपराखालच्या पन्हळीसारखी. हिच्यात पाणी धरले जाईल. आता तिसरी, भेरल्या माडाची. माशाच्या शेपटीसारखा आकार आहे, कडा दातरलेल्या आहेत. पण घडी बघा. हीही पन्हळीसारखीच.

म्हणजे नावाने हा माड, पण घडीने शिंदीचा भाऊबंद. ही गंमत लक्षात ठेवा, कारण जगातल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही या भेरल्या माडाने बराच काळ चकवले होते.

आपल्या भाषेत माड आहे, पोफळ आहे, ताड आहे, शिंदी आहे, खजूर आहे, वेत आहे. प्रत्येकाला स्वतंत्र आणि नेमके नाव आहे. पण या सगळ्यांना मिळून बोलीत एक नाव नाही. पुस्तकात त्याला तालकुळ म्हणतात. आपल्याला तसे नाव लागले नाही, कारण आपण झाड त्याच्या कामावरून ओळखले. नारळ देणारा तो माड, सुपारी देणारी ती पोफळ, ताडगोळे देणारा तो ताड, केरसुणीला पाती देणारी ती शिंदी. शेतकऱ्याचे वर्गीकरण उपयोगाचे असते आणि त्यात काही चूक नाही.

वनस्पतिशास्त्रज्ञाचा प्रश्न निराळा असतो. हे झाड काय देते हे तो विचारत नाही. हे कोणापासून आले आणि कोणाचे नातलग आहे, हे तो विचारतो.

एक कूळ, पाच भावक्या

जगात या कुळाच्या अडीच हजारांच्या आसपास जाती आहेत आणि सुमारे एकशे ऐंशी प्रजाती. एवढा मोठा गोतावळा एका पंगतीत बसवता येत नाही. म्हणून कुळाच्या भावक्या पाडल्या. शास्त्रज्ञ त्यांना उपकुळे म्हणतात. आज अशी पाच उपकुळे मानली जातात.

पहिले आरेकॉइडी. हे सर्वांत मोठे. आपला माड आणि आपली पोफळ दोन्ही यातच. यांची खूण फुलात आहे. माडाची पोय उकलली की तिच्या काड्यांच्या बुडाशी बघा. मधे एक मादी फूल, आणि तिच्या दोन बाजूंना दोन नर फुले. तिघांचा असा संच हे या भावकीचे लक्षण. पण माड आणि पोफळ सख्खे नव्हेत. भावकीच्या आत पुन्हा घरे आहेत. माडाच्या घराची खूण करवंटीवरचे तीन डोळे. तेलमाड, म्हणजे ज्याच्या फळापासून पामतेल निघते तो, याच घरातला. त्याच्या बीच्या कवचालाही तीन डोळे असतात. पोफळीच्या सुपारीला डोळे नाहीत. तिचे घर वेगळे.

दुसरे कोरिफॉइडी. पन्हळीसारख्या पातीवाले बहुतेक सगळे यात आले. ताड, शिंदी, खजूर आणि ज्याच्या बियांना आपण बजरबट्टू म्हणतो ते मोठ्या पंख्यासारख्या पानाचे श्रीताड. ताडाचे पान पंख्यासारखे आणि शिंदीचे पिसासारखे. नुसते दुरून पाहिले तर शिंदी माडाजवळची वाटेल, ताड परका वाटेल. घडी बघितली की शिंदी ताडाच्या अंगणात जाऊन बसते.

तिसरे कॅलॅमॉइडी, म्हणजे वेताची भावकी. सह्याद्रीच्या जंगलात सिंधुदुर्गापासून गोव्यापर्यंत वेत भेटतो. त्याचे फळ हातात घ्या. सापाच्या अंगासारखे, एकावर एक खवले असतात. ती त्यांची खूण.

चौथे निपॉइडी. या भावकीत आज एकच जात जिवंत आहे, निपा. ती खाडीच्या चिखलात वाढते. सुंदरबनात आहे, अंदमानात आहे, आपल्याकडच्या खाड्यांत नाही. पण छिंदवाडा जिल्ह्यात मोहगाव कलान येथे, दख्खनच्या लाव्हाच्या दोन थरांमधल्या मातीत, निपाच्या फळांचे दगड झालेले अवशेष सापडले आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. समुद्राच्या खाडीत वाढणारे झाड आज समुद्रापासून शेकडो मैल दूर, विदर्भाच्या सीमेपलीकडे दगड होऊन पडले आहे. कधीकाळी तिथवर खारे पाणी पोचत होते याचा तो पुरावा ठरला. नातेगोते नीट लावले की जमिनीचाही इतिहास कळतो, तो असा.

पाचवे सेरॉक्सिलॉइडी. यातला आपल्या ओळखीचा कोणी नाही. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतावर याच भावकीचा मेणमाड वाढतो. जगातल्या ताडामाडांत सर्वांत उंच तोच, दोनशे फुटांपर्यंत जातो. १९८५ साली कोलंबियाने त्याला कायद्याने राष्ट्रीय वृक्ष केले. तिथे कोणी त्याला फांद्या आहेत का असे विचारले नाही. हे वाक्य जरा ध्यानात असू द्या, पुढे लागेल.

नावे आली कुठून?

ही आरेकॉइडी-कोरिफॉइडी नावे ऐकली की वाटते, हे सगळे साहेबाच्या घरचे. तसे नाही. नियम असा आहे की कुळाचे किंवा उपकुळाचे नाव त्यातल्या एका प्रजातीवरून पाडायचे. कुळाला शेवटी 'एसी' लावायचे, उपकुळाला 'ऑइडी'. या सबंध कुळाचे शास्त्रीय नाव आहे आरेकेसी. पामी हे जुने नावही चालते. आरेकेसी हे नाव आले आरेका या प्रजातीवरून, आणि आरेका म्हणजे आपली पोफळ. मलबारात सुपारीला अडक्का म्हणतात. पोर्तुगीजांनी तो शब्द उचलला, त्याचा आरेका केला आणि स्वीडनच्या लिनीअसने १७५३ साली तो शास्त्राच्या पुस्तकात घातला. म्हणजे अँडीजवरचा दोनशे फुटी मेणमाड असो की आफ्रिकेतला तेलमाड, जगभरच्या कुळाला नाव मिळाले ते आपल्या किनाऱ्यावरच्या सुपारीचे.

याच्याही आधीची गोष्ट आहे. कोचीनचा डच अधिकारी व्हॅन ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ करवून घेतला. 'होर्टस मलबारिकस' त्याचे नाव. १६७८ ते १६९३ या काळात त्याचे बारा खंड ॲमस्टरडॅममध्ये छापले. पहिल्या खंडाची सुरुवातच माडापासून होते. माहिती कोणी दिली? इट्टी अच्युतन नावाच्या मलबारी वैद्याने, आणि रंगभट, विनायक पंडित व आपू भट या तीन कोंकणी वैद्यांनी. त्या तिघांची साक्ष नागरी लिपीत त्या ग्रंथात छापली आहे. लिनीअसने पुढे याच ग्रंथाचा आधार घेतला. झाड आपले, माहिती आपल्या माणसांची. शिक्का तेवढा दूरदेशी बसला.

शिक्का मारताना चुकाही झाल्या. सुपारीच्या शास्त्रीय नावाचा दुसरा शब्द आहे कॅटेचू. कॅटेचू म्हणजे काथ. विड्यात सुपारी आणि काथ शेजारी बसतात हे खरे, पण आपल्या विड्यातला काथ निघतो खैराच्या गाभ्यातून, हे आपल्याकडचे शेंबडे पोरही सांगेल. तरीही ते नाव आजवर टिकले आहे. जातीला नियमाप्रमाणे दिलेले पहिले नाव बदलायचे नाही, असा शास्त्रज्ञांचा करार आहे. नाही तर जो तो उठून नवीन नाव देईल आणि कोणाचे बोलणे कोणाला कळणार नाही. नाव चुकीचे असले तरी सर्वांनी एकच वापरायचे. नाते चुकीचे लावले असेल तर मात्र ते पुराव्याने दुरुस्त करायचे. हा फरक फार महत्त्वाचा आहे.

भेरल्या माडाने घर बदलले

आता त्या तिसऱ्या पातीकडे येऊ. भेरला माड आपण लग्नाच्या मांडवाला बांधतो. काही ठिकाणी त्याची सूर काढतात, म्हणून त्याला सुरमाडही म्हणतात. हा आधी शेंड्याजवळ फुलतो, मग दरवर्षी एकेक पायरी खाली उतरत फुलतो, आणि खालचा शेवटचा घोस पिकला की सगळे झाड मरते.

१९८७ साली उल आणि ड्रान्सफील्ड या दोन शास्त्रज्ञांचा या कुळावरचा मोठा ग्रंथ निघाला, 'जेनेरा पामेरम'. त्यात सहा उपकुळे होती. भेरल्या माडाला त्यांनी माड-पोफळीच्या भावकीत बसवले. कारण? त्याच्या फुलांतही मधे मादी आणि दोन बाजूंना नर, असा तिघांचा संच असतो. पण पातीची घडी मात्र ताड-शिंदीची. एक खूण इकडे ओढते, दुसरी तिकडे. त्यांनी फुलाला जास्त मान दिला.

पुढे १९९० च्या दशकापासून पेशींतल्या जनुकांचा पुरावा हाती येऊ लागला. त्याने साक्ष दिली की घडी खरे बोलत होती, फुलांचे साम्य वरवरचे होते. २००५ साली नवीन वर्गीकरण प्रसिद्ध झाले. भेरला माड ताड-शिंदीच्या भावकीत गेला. जे सहावे उपकूळ होते, हस्तिदंतासारख्या कठीण बियांच्या झाडांचे, ते मेणमाडाच्या भावकीत मिसळले. सहाची पाच झाली. आणि विशेष हे की दुरुस्ती करणाऱ्यांत १९८७ च्या ग्रंथाचे लेखक स्वतः होते. २००८ साली त्याच ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघाली, तीत नवे वर्गीकरण छापले.

भावांनो, आम्हाला यात शिकण्यासारखे वाटते ते हे. कसोटी आधी सांगितली, पुरावा सगळ्यांपुढे मांडला, चूक निघाली तेव्हा आपल्याच नावाने दुरुस्त केली. कोणाची अडचण होती म्हणून भेरला माड इकडचा तिकडे गेला नाही.

सरकारचे वर्गीकरण

आता सरकार काय करते ते बघू.

१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात ताडीची व्याख्या आहे. त्यात नारळ, ताड, शिंदी किंवा कोणताही ताडवर्गीय वृक्ष, सगळे एका ओळीत. इथे कसोटी रसाची. फूल नाही, पाती नाही; रस निघतो ना, मग आमच्या ताब्यात. निदान ही कसोटी उघड आहे.

१९२७ चा भारतीय वन कायदा घ्या. त्याच्या व्याख्येत झाड या शब्दात ताड-माडाची जात, बांबू, झुडपे आणि वेत असे सगळे घातले होते. बांबू हे गवत आहे हे कळायला सरकारला नव्वद वर्षे लागली. २०१७ साली दुरुस्ती करून बांबू त्या यादीतून काढला, आणि शेतात लावलेला बांबू तोडण्या-नेण्यातला एक मोठा अडथळा गेला. ताड-माड आणि वेत त्या व्याख्येत तसेच राहिले.

आता गोव्याचे उदाहरण. तिथे १९८४ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. त्यात झाडाची व्याख्या अशी की ज्याच्या खोडापासून फांद्या फुटतात अशी काष्ठमय वनस्पती. माडाला फांद्या नाहीत. म्हणून २००८ साली माडाचा त्यात मुद्दाम समावेश केला. जानेवारी २०१६ मध्ये विधानसभेत दुरुस्ती करून तो काढून टाकला. सांगितले काय, तर माडाला फांद्या नाहीत, तो झाड नव्हे. २०१७ साली नवे सरकार आले आणि माड पुन्हा झाड झाला, वर त्याला राज्यवृक्ष करण्याची घोषणाही झाली. नऊ वर्षांत एकच माड झाड झाला, झाड नव्हता झाला, आणि पुन्हा झाड झाला. वाडीतला माड तसाच उभा होता. ना त्याला फांदी फुटली, ना गळली.

आणखी गंमत ऐका. त्या कायद्याचे पूर्ण नाव गोवा, दमण आणि दीव वृक्षसंरक्षण कायदा. दीवमध्ये ताडाचाच एक भाऊबंद वाढतो, त्याला रावणताड म्हणतात. त्याच्या खोडाला फांद्या फुटतात, दोनाच्या चार होतात. म्हणजे फांदीच्या कसोटीने रावणताड झाड ठरतो आणि माड ठरत नाही. एकाच कुळातली दोन झाडे, एकाच कायद्याच्या नावाखाली, एक आत आणि एक बाहेर!

वनस्पतिशास्त्राची साक्ष काढायची तर ती पुरती काढा. शास्त्रात झाड नावाचे कूळ नाही. आंबा झाड, वड झाड, माडही झाड; तो उंचीचा आणि बांध्याचा शब्द आहे, नात्याचा नव्हे. माड म्हणजे गवत, असेही काही जण म्हणतात. माड आणि गवत दोघेही एकदल हे खरे. पण गवताचे कूळ वेगळे, माडाचे वेगळे. उंट आणि म्हैस दोघेही रवंथ करतात म्हणून उंटाला कोणी म्हैस म्हणत नाही.

गोव्यातल्या बागायतदारांतही तेव्हा दोन मते होती. काही म्हणत, म्हातारा, फळ न देणारा माड तोडायला दाखले कशाला हवेत? आमचा माड, आम्ही लावला, आम्ही तोडू. काही म्हणत, ही सूट शेतकऱ्याच्या नावावर आहे, पण कुळागरे भुईसपाट करून इमारती उठवणाऱ्यांना ती जास्त उपयोगी पडेल. दोन्ही बोलणी विचार करण्यासारखी आहेत. पण त्यावर समोरासमोर वाद व्हायला हवा होता: स्वतः लावलेला माड तोडण्याचा हक्क कोणाचा, आणि वाडीची बिनशेती कशी रोखायची. तो वाद बाजूला राहिला आणि चर्चा गेली फांद्यांवर. धोरणाचा प्रश्न वनस्पतिशास्त्राच्या बुरख्यात लपवला, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वाडीत याचा उपयोग काय?

कोणी म्हणेल, कायद्याचे कळले, पण पीक घेणाऱ्याला या पाच भावक्यांचा उपयोग काय? उपयोग आहे, आणि त्याला मर्यादाही आहे. दोन्ही सांगतो.

ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने तेलमाडाच्या लागवडीसाठी राष्ट्रीय अभियान मंजूर केले. उद्या कोणी तुमच्या दारात ते रोप घेऊन आला, तर नवीन पीक, नवीन पीक म्हणून हुरळू नका आणि घाबरूही नका. तीन डोळे आठवा. तो तुमच्या माडाच्याच घरातला आहे. गेंड्या भुंगा दोघांनाही लागतो. म्हणजे माडाच्या वाडीला लागून तेलमाड लावायचा तर त्या किडीला दुसरे ताट वाढल्यासारखे होईल. शेणखताच्या खड्ड्यातल्या अळ्या वेचायचे काम दुप्पट चोख करावे लागेल. हा हिशेब आधी मांडा, मग अनुदानाचा.

आता मर्यादा. सोंड्या भुंगा भावकी पाळत नाही. तो माडात शिरतो आणि खजुरातही शिरतो. एक आरेकॉइडी, दुसरा कोरिफॉइडी. आपल्याकडचा हा भुंगा १९८० च्या दशकात आखाती देशांतल्या खजुराच्या बागांत पोचला आणि त्याने तिथे हाहाकार उडवला. झाडाला जखम झाली की तिच्या वासावर तो येतो. म्हणून पाडेल्याने चढायला खाचा पाडल्या किंवा हिरवी झावळ तोडली, तर ती जखम उघडी सोडू नका. शेजारी शिंदीचे झाड किडीने मेलेले उभे असेल तर ते आपले नव्हे म्हणून सोडून देऊ नका. नाते लांबचे असले तरी भुंग्याला ते जवळचे आहे.

नाव आणि नाते कळल्याने सगळे प्रश्न सुटत नाहीत. पण प्रश्न कोणता हे तरी नेमके विचारता येते.

मागणी आणि काम

या बैठकीपुढे आम्ही एक मागणी आणि एक काम ठेवतो.

मागणी अशी. झाड म्हणजे काय याच्या व्याख्या करत बसण्यापेक्षा सरकारने कायद्यात झाडाचे नाव लिहावे. माड, पोफळ, ताड, शिंदी, भेरला माड, वेत. प्रत्येकापुढे स्पष्ट लिहावे की आपल्या जमिनीत लावलेला असेल तर तोडायला, विकायला, न्यायला परवाना लागतो की नाही, लागत असेल तर का. कारण पटले तर शेतकरी पाळेल. नाही पटले तर भांडेल. पण त्याला कशाशी भांडायचे ते तरी कळू द्या.

काम असे. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक गावाने आपल्या हद्दीतल्या ताडामाडांची यादी करावी. गावात त्याला काय म्हणतात ते आधी लिहावे. एकाच झाडाला दोन वाड्यांत दोन नावे असतील तर दोन्ही लिहावीत. मग पातीची घडी आढ्यासारखी की पन्हळीसारखी, फळाला डोळे आहेत की खवले, नर-मादी झाडे वेगळी आहेत का, रस काढतात का, ते लिहावे. म्हाताऱ्या पाडेल्यांना आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना विचारून लिहावे, कारण आपल्याला येत नाही ते त्यांना येते. साडेतीनशे वर्षांपूर्वी आपल्या वैद्यांनी माहिती दिली आणि पुस्तक ॲमस्टरडॅमला छापले गेले. या वेळी वही आपल्या हातात राहू द्या.

पुढच्या वेळी कोणी साहेब वाडीत येऊन म्हणाला की तुमचा माड झाड आहे, किंवा झाड नाही, तर त्याच्याशी हुज्जत घालू नका. त्याच्या हातात पाती द्या आणि विचारा, साहेब, कोणत्या कसोटीवर?

त्या तीन पाती फिरून पुढे आल्या असतील तर परत द्या. उद्या दुसऱ्या तालुक्यात लागतील.